फुलांची खबरबात

देवाला वाहायची, केसांत माळायची आणि आल्यागेल्याच्या हातावर ठेवायची, अशी फुलांची तीन कामे आमच्या घरी पूर्वापार ठरलेली आहेत. गेल्या दोन वर्षांत त्यांत चौथ्याची भर पडली आहे : आता त्यांना फोटोसाठी उभे राहावे लागते.

माझ्या लहानपणी असला लाड कुणी केला नसता. वडिलांजवळ आग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोलवर फोटो निघत बारा. त्या बारांत मुंज, बारसे, गावाहून आलेली आत्या, सगळे बसवायचे. तिथे जास्वंदीची वर्णी कशी लागावी? शिवाय त्या कॅमेऱ्याला जवळचे नीट दिसत नसे. फूल भिंगापाशी नेले की त्याचा धुरकट गोळा होई.

माझ्याजवळचा कॅमेरा खिशात मावतो. मोबाइल आल्यावर मुलाने तो कपाटात टाकला होता. त्याच्या मागच्या बटणावर एक इवलेसे फूल कोरलेले आहे. ते दाबले की चार बोटांवरची पाकळी शिरांसकट दिसते. मात्र झूम करायचा नाही. केला की मागे सरावे लागते. उन्हात तांबड्या जास्वंदीचा नुसता लाल डाग उमटतो, म्हणून सकाळची सावली गाठायची आणि उजेड एक घर कमी ठेवायचा. वारा असेल तर तो पडेपर्यंत श्वास रोखून ओणवे राहायचे.

तुम्ही म्हणाल, या वयात हे ओणवे राहणे कशासाठी? तर आईसाठी. आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिचे खुब्याचे हाड मोडले. वॉकर घेऊन ती घरात हिंडते. पण अंगणात उतरायच्या तीन पायऱ्या काही तिला उतरवत नाहीत. आणि बाग तर सगळी तिच्याच हातची! पहिले काही दिवस मी तोंडी बातम्या दिल्या. "जास्वंदीला सात फुलं आलीत." "आणि कळ्या?" मी गप्प. तेव्हा कपाटातला कॅमेरा बाहेर निघाला.

पहिला उत्तम फोटो साधला तेव्हा मी मोठ्या ऐटीत तिच्यापुढे धरला. पाकळीवर दवाचा थेंब, मागे कोवळे ऊन! तिने चष्मा सावरला, चित्र मोठे करायला लावले आणि म्हणाली, "अरे, देठापाशी हे पांढरं काय? पिठ्या ढेकूण लागलाय. साबणाचं पाणी मार आधी."

माझ्या कलेची अशी वासलात लागली. पण जास्वंद वाचली. मला चित्र हवे होते, तिला बाग हवी होती. तेव्हापासून फर्माइशी सुरू झाल्या : पानाची मागची बाजू, कुंडीतली माती, मोगऱ्याचा नवा फुटवा. दुपारी चारच्या सुमारास हाक येते, "ऊठ, गुलबक्षी उमलली असेल." जाऊन पाहावे तर खरोखरच उमललेली! तिचे घड्याळ अजून बागेशी जुळलेले आहे. पाय तेवढे इथे राहिले आहेत.

एक गोष्ट मात्र कॅमेऱ्यात येत नाही, ती म्हणजे वास. म्हणून प्राजक्ताच्या दिवसांत मी पहाटेचा सडा टिपतो आणि त्यातलीच ओंजळभर फुले तिच्या उशाशी ठेवतो. ती डोळे मिटून वास घेते. त्या वेळी मी फोटो दाखवायची घाई करीत नाही.

यंदा दाराशी शेवंती लावली आहे. रोज तिच्या एकाच फांदीचा फोटो काढतो. काल आईने मागचे आणि आजचे चित्र पुन्हापुन्हा पालटून पाहिले आणि निकाल दिला, "पाडव्याला फुलेल." तिचा अंदाज सहसा चुकत नाही. सौ.ला मी सांगून ठेवले आहे, पहिले फूल देवाचेच. पण खुडायचे ते आईला दाखवून झाल्यावर. देवाला घटकाभर थांबावे लागेल. त्याची हरकत नसावी.