वाटो बापडी!

सेमिनरीत आम्ही पेटी आणि गिटार शिकलो. ध्वनिमिश्रण शिकू लागलो ते मात्र पन्नाशी उलटल्यावर. गायनमंडळाचे एक गीत आम्ही संगणकावर मुद्रित केले होते. पेटी, व्हायोलिन, आमची गिटार आणि एका वृद्ध गायकाचा आवाज. इक्वलायझर हाती येताच आम्ही प्रत्येक वाद्य एकेकटे ऐकून खुलवले. गिटारला तर ६ डेसिबल चमक दिली. सारे एकत्र वाजवले, तेव्हा नुसता गलबला झाला! आजोबांनी शांतपणे विचारले, ‘‘फादर, मी गायलो होतो ना?’’

तो प्रश्न रात्रभर सलत राहिला.

माणसाचा कान सुमारे २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. पण शब्दांची स्पष्टता बव्हंशी २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. नेमकी तेथेच आमची गिटार ठाण मांडून बसली होती. एकाच पट्ट्यात दोन नाद आले की मोठा लहानाला झाकतो. त्यातून, मोठे तेच कानाला गोड वाटते; म्हणून बदलाआधीचा व नंतरचा आवाज एकाच पातळीवर आणून तुलना करायची असते, हेही आम्हांस उशिरा उमगले.

मग गिटारचा ३,००० हर्ट्झजवळचा भाग आम्ही ४ डेसिबलने उतरवला. पेटीचा ३०० हर्ट्झजवळचा घुमारा कमी केला. आजोबांचा आवाज तसूभरही वाढवला नाही. तरी तो वर आला.

त्यांनी पुन्हा ऐकले. बोलले काहीच नाहीत. स्वतःच्याच आवाजाबरोबर गुणगुणू लागले.

गिटार एकटी ऐकली, तर आता किरटी वाटते. वाटो बापडी!