पाऊण इंची

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका दुकानापुढे कामगार लोखंडी पाईपवर आटे पाडत होता. डायवर ओतलेल्या तेलाचा गरम, कडवट वास आला आणि माझे पाय तिथंच थांबले. नळकामात आता प्लॅस्टिकचे पाईप असतात, सोल्युशन लावून चिकटवायचे. त्यामुळं हा वास क्वचितच भेटतो.

आबा मला पाईप आणायला न्यायचे ते आमच्या सुतारकामाच्या कारखान्यातल्या, फळ्या आवळायच्या शिकंज्यांसाठी. त्यांचे बिडाचे जबडे एकदा घेतले की जन्मभर पुरतात. पण दाराच्या फळ्या आवळताना सगळा ताण पाईपवर येतो, त्यामुळं आबांचा वेळ पाईप निवडण्यातच जायचा. सहा मीटरचा नग ते दुकानाच्या फरशीवर मला लोळवायला लावत. सरळ असला तर सुरळीत घरंगळतो, बाक असला तर मध्येच अडखळतो. "परत लोळीव बघू." दुकानदार वैतागायचा, आबा ढिम्म. मग उकिडवे बसून, एका टोकाला डोळा लावून आतला उजेड बघायचे.

पाईप पाऊण इंची म्हणायचा, बाहेरून मोजला तर 27 मिलिमीटरच्या आसपास. पट्टा निळा हवा. पिवळ्या पट्ट्याच्या पाईपची जाडी 2.3 मिलिमीटर, निळ्याची 2.6, लाल पट्ट्याची 3.2. लाल पट्टेवाला उचलताना हात भरून येतात, आणि पिवळा आवळला की लगेच कमान धरतो. बाक थोडा निळ्यालाही येतोच, म्हणून एक शिकंजा फळ्यांच्या वरून, दुसरा खालून.

जस्ताच्या मुलाम्यावर माझा अजून राग आहे. चकचकीत दिसतो म्हणून दुकानदार तोच पुढे करतात. सरकत्या जबड्याच्या चकत्या त्यावर आधी घसरतात, मग त्याचे पापुद्रे काढतात. आम्ही काळाच पाईप घ्यायचो. रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचा, शिवणीचा उंचवटा कानशीनं बसवायचा, कापलेल्या तोंडाची धार मारायची. आटे दोन्ही टोकांना, इंचाला चौदा. मोकळ्या टोकावर सॉकेट चढवून ठेवायचं म्हणजे आटे ठेचत नाहीत, आणि मोठं दार आलं की त्याच सॉकेटात दुसरा पाईप जोडता येतो.

याच गावात 1918 मध्ये बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि त्यावर 'सैरंध्री' चित्रित केला. तो 1920 मध्ये पडद्यावर आला. सुतार-मिस्त्रींच्या घरातला माणूस. शिकंज्याशी याचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. पण पाईपच्या तोंडाशी एक डोळा मिटून बसलेले आबा आठवले की कॅमेऱ्यात बघणारे बाबूराव मला दिसतात.

काळ्या पाईपची एक खोड आहे. ओला फेविकॉल आणि लोखंड एकत्र आले की सागवानावर काळा डाग उठतो आणि तो खोल जातो. म्हणून मध्ये 'पुढारी' वर्तमानपत्राच्या पट्ट्या घालायच्या. दुसऱ्या दिवशी शिकंजे सोडले की कागद फळीला चिकटलेला, तो रंध्यानं काढायचा. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी उमटलेली. आबा ती वाचायचे, आणि त्यात कितीदा तरी शहराला पाणी आणायची काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन असायची. मोर्चा, निवेदन, मंजुरी, पुन्हा मोर्चा. आमच्या कारखान्यात त्यावरून भांडणं व्हायची, हातातली पटाशी खाली ठेवून.

2023 च्या दिवाळीत ते पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोचलं. आबा तोवर राहिले नाहीत. दूधगंगेवरच्या त्या धरणापासून पन्नासहून जास्त किलोमीटर पाईप, आणि त्यातला एकेक तुकडा कुणीतरी जोडण्याआधी पारखला असणार. त्या माणसांपैकी एखादा भेटावा असं फार वाटतं. तुकडा नाकारायचा हक्क त्याच्या हातात होता का, आणि तो त्यानं कधी बजावला का, एवढं मला त्याच्याकडून ऐकायचंय.