सुपातले आणि जात्यातले

'जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात' ही म्हण आपण शाळेत कल्पनाविस्तारासाठी लिहून लिहून गुळगुळीत केली आहे. पण 'आज सूप केलंय' असे मी प्रथम घरी म्हटले, तेव्हा आमच्या आजीला आठवले ते धान्य पाखडायचे सूपच. "सुपात काय प्यायचं गो?" असे तिने अगदी गंभीरपणे विचारले. सार तिला ठाऊक. कानडी शेजारीण त्यालाच 'सारु' म्हणते, एवढाच काय तो फरक. सार म्हणजे कोळायचे, गाळायचे, रस घ्यायचा आणि चोथा टाकायचा. मिक्सरमधल्या सुपाची रीत निराळी. तिथे गाळणी नाही. गर आणि तंतू सगळे एकजीव होते, चोथा म्हणून काही उरतच नाही!

मोठ्या शक्तीचे मिक्सर तर चुलीवाचूनही सूप गरम करतात. अमेरिकेत व्हिटामिक्स कंपनीने 1969 मध्ये असे यंत्र काढले. यात जादू नाही. जेम्स ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच पाण्यात वल्ही फिरवून दाखवले होते, की घुसळण्याचे श्रम उष्णतेच्या रूपाने पाण्यात जमा होतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला 'जमा' हा शब्द दिसला की हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. 1 लिटर पाणी 25 अंशांवरून 90 अंशांवर न्यायला सुमारे 272 किलोज्यूल लागतात. मोटरचे 1000 वॅट सगळेच्या सगळे पाण्यात उतरले, तर साडेचार मिनिटे पुरतील. 500 वॅटच्या घरगुती मिक्सरला नऊ मिनिटे तरी लागतील. पण आपला मिक्सर इतका वेळ सलग चालवायचा नसतो. मोटर तापते आणि तळाचे लाल बटण बाहेर येते.

आपल्या मिक्सरचा जन्मच मुळी निराळ्या गरजेतून झाला. मुंबईत माधुरी माथुर यांचा परदेशी मिक्सर आपल्याकडच्या वाटणाला टिकला नाही, तेव्हा त्यांचे अभियंता पती सत्यप्रकाश माथुर यांनी स्वतःच यंत्र बनवायचे ठरवले आणि 1963 मध्ये कंपनी काढली. त्यातून पुढे 'सुमीत' मिक्सर आला. हळद, सुके खोबरे, भिजलेली डाळ यांच्याशी झुंजणारे हे यंत्र. सूप ही त्याची वरकड कमाई!

शिवाय आमच्या जोयडा तालुक्यातली कंदमुळे नुसत्या मिक्सरला दाद देणारी नव्हेत. कणंग, सुरण, अळकुड्या ही आमची खरी संपत्ती. जोयड्यात कंदमुळांचा मेळाही भरतो. पण कच्च्या सुरणात आणि अळकुडीत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे कण असतात. ते घशात टोचतात आणि खाज सुटते. पात्याच्या घर्षणाने पाणी तापेल, पण कंद शिजायला हवा तेवढा वेळ काही मिळणार नाही. म्हणून आमच्याकडे आधी चूल, मग मिक्सर. कंद आमसूल घालून मऊ शिजवायचा, वाफ जाऊ द्यायची, भांडे अर्धेच भरायचे आणि झाकणावर हात घट्ट ठेवायचा. कारण कोंडलेली वाफ झाकण उडवते. फिरवायचेही थोडेच. जास्त फिरवले की पिठूळपणा फुटून सूप खळीसारखे चिकट होते.

एवढी खटपट कशासाठी, असे कोणी विचारील. तर आजीसाठी. तिचे दात गेले, तसे तिचे पंक्तीतले पानही गेले. सगळ्यांना कंदाची भाजी आणि तिला पेज. "तुम्ही जेवा, पेजेला काय वेळ लागतो!" असे म्हणून ती चुलीकडे तोंड करून बसे. ती दिवसेंदिवस वाळत चालली होती. पण त्याहूनही तिचे ते पाठमोरे बसणे आईला सोसवत नसे. ज्या दिवशी कणंगाचे सूप झाले, त्या दिवशी आईने वाटी चुलीजवळ नेली नाही, पंक्तीतच मांडली. आजीने पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." कित्येक महिन्यांनी तिने जेवणाला नाव ठेवले होते. आईच्या डोळ्यांत पाणी आले.

मिक्सरची ही जमेची बाजू. आता खर्चाची पाहू. ते 272 किलोज्यूल म्हणजे जेमतेम 0.075 युनिट वीज. रक्कम क्षुल्लक आहे. पण वीज येते कुठून? आमच्याच काळी नदीवर गणेशगुडीजवळ सुपा धरण आहे, 101 मीटर उंच, 100 मेगावॅटचे वीजगृह असलेले. त्याच्या पाण्याखाली जुने सुपा गाव गेले. ते तालुक्याचे ठिकाण होते. तिथली पुष्कळ माणसे रामनगरला जाऊन वसली. म्हणीतले सूप आणि गावाचे नाव सुपा; पण हे सुपातले काही हसले नाहीत. ते जात्यातच गेले.

उळवीला चन्नबसवण्णांची समाधी आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास जत्रेला दूरदूरच्या बैलगाड्या येतात आणि पंक्ती उठतात. शरणांनी 'कायक' आणि 'दासोह' हे दोन शब्द दिले. कायक म्हणजे आपले श्रम आणि दासोह म्हणजे त्या श्रमाचे फळ सर्वांच्या पानात. पाट्यावर वाटणारी आजी, गाव सोडणारी माणसे, वाहणारी काळी या सर्वांचे कायक त्या चिमुकल्या बटणामागे उभे आहे. तेव्हा बटण जरूर दाबावे. पण पहिली वाटी, ज्याला चावता येत नाही त्याच्यापुढे ठेवावी. आणि मीठ पुरेसे घालावे, नाहीतर आजी ऐकवल्याशिवाय राहणार नाही.