ऐनाच्या झाडावरचं रेशीम

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलंत का? दिनकर केळकरांनी जन्मभर जमवलेल्या वस्तू सरकारला दान केल्या. त्यांत जुनी हातविणीची वस्त्रंही आहेत, पण ती काचेआड! असं कापड मागावर बघायचं, तर विदर्भाच्या जंगलाकडे चला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडहून ब्रह्मपुरी, मग वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोलीतलं आरमोरी.

हा टसरचा, म्हणजे कोशाच्या रेशमाचा मुलूख. टसरच्या अळ्या घरात वाढत नाहीत. उघड्या रानात ऐन-अर्जुनाची पानं खातात. पाखरं, मुंग्या, गांधीलमाश्या टपलेल्याच! ढीवर कुटुंबं झाडाखाली दिवसभर राखण करतात, तेव्हा कुठे फांदीला देठाने लटकलेले टणक कोश हाती येतात.

पण सगळेच कोश विकून चालत नाही, बरं का! धागा काढायला कोश उकळतात, आणि आतला जीव मरतो. म्हणून काही कोश बियाण्यासाठी राखायचे. त्यांतून पतंग निघतील, अंडी घालतील, तरच पुढचं पीक. घरात पैशाची नड असली तरीही!

नागभीडकडच्या विणकरांची करवती साडी याच धाग्याची. अंग टसरचं, काठ सुती, आणि दोहोंच्या सांध्यावर करवतीसारखे दाते. त्यासाठी तीन धोटे लागतात: दोन काठांचे, एक अंगाचा. दर फेरीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात हाताने अडकवायचा. आजीच्या ट्रंकेत अशी साडी असेल, तर तो सांधा शोधून बघा.