शरीराची रोजनिशी

वरूडच्या बाजारात संत्र्याचा भाव आकारावर आणि सालीच्या रंगावर ठरतो. मोठं, केशरी, बिनडागाचं फळ एकीकडे, बारकं आणि डागाळलेलं दुसरीकडे. पोरींच्या बाबतीतही आमच्याकडे साधारण हाच हिशेब चालतो.

मी सावळी आहे, अंगाने भरलेली आहे. लग्नघरात, बस स्टँडवर, किराणा दुकानात कोणीतरी म्हणतंच, ‘‘बाप्पा, किती फुगली व!’’ म्हणणाऱ्या मावशीच्या मनात वाईट काही नसतं. पण रात्री फिल्टर न लावलेला सेल्फी बघताना तेच वाक्य कानात वाजतं.

अमरावतीला कॉलेजात असताना मी एक शंभर पानी वही घेतली. नियम एकच. माझ्या दिसण्याबद्दल कोणी काही बोललं की ते जसंच्या तसं लिहायचं आणि पुढे कोण, कुठे, कधी तेही लिहायचं. महिन्याभरात गंमत दिसली. एकाच आठवड्यात वरूडच्या काकू म्हणाल्या ‘फुगली’ आणि मोर्शीची मामी म्हणाली ‘वाळली’. अंग तेच, कपडे तेच! दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती. ‘मी कुरूप आहे’ हे वाक्य लिहिलं तेव्हा ‘कोण म्हणालं’ हा रकाना रिकामाच राहिला. ते कोणीच म्हणालं नव्हतं. लोकांच्या तुकड्यांतून मीच ते जोडलं होतं.

लिहिण्याने काय होतं, याचा अभ्यास झालेला आहे. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनातलं सगळ्यात जड ते लिहायचं. लिहून झाल्याबरोबर त्यांना जास्तच उदास वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात जेसिका अलेव्हा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये वेगळा प्रश्न दिला. स्वतःच्या शरीरावर नाराज असलेल्या तरुणींनी शरीर कसं दिसतं हे न लिहिता, त्याला काय काय करता येतं ते लिहायचं. असं तीनदा लिहिल्यावर त्यांची नाराजी कमी झाली.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हेच विचारत आलंय. मल्लखांबावर चढणाऱ्याला त्याचा रंग कोणी विचारत नाही.

मग मी वही उलटी करून मागून दुसरं लिहिणं सुरू केलं : आज अंगाने काय केलं? मृग बहाराच्या तोडणीत भरलेली कॅरेट उचलली. आजीला धरून न्हाणीत नेलं, तिची वेणी घातली. परतवाड्याच्या एसटीत दोन तास उभी राहिले. वजनाचा आकडा मात्र लिहीत नाही. आकडा लिहिला की त्या दिवसाचं बाकी सगळं पुसलं जातं.

आजीला एक पान वाचून दाखवलं. ती आपल्या काळ्या, भेगाळल्या हातांकडे बघत म्हणाली, ‘‘मले कोनी इचारलंच नाही व, या हातानं काय केलं म्हून.’’ त्या रात्री तिने सांगितलं आणि मी लिहिलं. निंदण, कापूस वेचणं, पाच बाळंतपणं. चार पानं भरली.

वहीने मावशा बदलत नाहीत. काही दिवस आरसा नकोच वाटतो, तेव्हा मी फक्त तारीख टाकते. आणि दिसण्याच्या धास्तीने जेवणच सुटत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वही पुरत नाही. तेव्हा टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर लावावा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

या वर्षी घरात माझा बायोडाटा तयार झाला. ‘वर्ण’ या शब्दापुढे काकांनी ‘गव्हाळ’ टाइप केलं होतं. मी ते खोडून ‘सावळा’ केलं. घर जरा वेळ गप्प झालं. मग आई म्हणाली, ‘‘राहू द्या भाऊजी, तिनं बरोबरच लिवलं.’’

त्या दिवशीच्या पानावर ‘कोण म्हणालं’ या रकान्यात मी ‘आई’ असं लिहिलं.