येलदरीच्या काठावर

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. पण जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर १९६८ साली पुरे झालेले येलदरी धरण आहे. हिवाळा सरताना पाणी ओसरते, चिखल उघडा पडतो. लांब गुलाबी पायांचे शेकाटे त्यात चोच घालून किडे टिपतात. फोटो काढायचा तर सकाळी, सूर्य पाठीशी घेऊन गप्प बसावे. पुढे धावलो की पक्षी उडतो, त्याचा घास जातो.

पाणवठ्यावर पक्ष्याला जात कोणी विचारत नाही. महाडच्या चवदार तळ्यावरही पशुपक्ष्यांना मुभा होती, आपल्या माणसांना नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तिथले पाणी ओंजळीत घेतले. काठावर बसल्या बसल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.