ट्रेच्या तळाशी

‘अख्खी? पीस नको?’ असं विचारतानाही चिकनवाल्याचा सुरा कोंबडीच्या पाठीवर टेकलेलाच असतो. डोंबिवलीत रविवारी सकाळी रांगेतलं बहुतेक प्रत्येक गिऱ्हाईक करी कट मागतं, तेव्हा त्याचंही बरोबरच आहे. त्यात मला ती सालीसकट हवी असते. साल काढायची तर पिसांसकट एका ओढीत निघते. ठेवायची तर कोंबडी गरम पाण्यात बुडवून पिसं उपटावी लागतात. म्हणून हे सगळं नंबर लागताक्षणी सांगायचं, आणि शक्यतो शनिवारीच आणून ठेवायची.

ओव्हनमध्ये कोंबडी भाजणं म्हणजे अर्धंअधिक पाण्याशी झगडणं. सालीवरचं पाणी उडून जाईपर्यंत तिचं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि तांबूस रंग चढायला त्याहून बरंच जास्त लागतं. म्हणून कोंबडी फडक्याने कोरडी पुसते, किलोला 12 ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट दोन चमचे मीठ आतून-बाहेरून चोळते आणि रात्रभर फ्रिजमध्ये उघडीच ठेवते. मीठ मांसात उतरतं, साल कागदासारखी सुकते. दही, आलं-लसणाचं वाटण हे आपले हुकमी एक्के इथे मागे ठेवायचे. ओलं वाटण साल कुरकुरीत होऊ देत नाही आणि 220 अंशांवर लसूण जळून कडू होतो. तिखट, मिरपूड, लिंबाची साल लोण्यात कालवून बोटांनी सालीच्या खाली सरकवली, की चव मांसाला लागते आणि जळत नाही.

आमच्या सासूबाईंनी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा एकच विचारलं, ‘आणि रस्सा?’ प्रश्न रास्त होता. आपल्या घरात किलोभर कोंबडी आठ माणसांना पुरते ती भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाच्या आणि पाण्याच्या जोरावर. तंगडी कुणाच्याही ताटात जावो, रस्सा सगळ्यांना सारखा. भाजलेल्या कोंबडीला हे वाढवणं जमत नाही. तंगड्या दोन, पंख दोन, छाती एक. पंगतीला मात्र ठाण्याहून नणंदेचं अख्खं कुटुंब. अशा वेळी रश्शाचं काम भाज्यांनी करायचं असतं. कोंबडीतून गळणारा रस आणि चरबी त्या पितात आणि प्रत्येक ताटात पोचवतात. त्यामुळे माझं निम्मं लक्ष कोंबडीकडे आणि निम्मं ट्रेच्या तळाशी असतं.

भाज्या एकदम टाकून चालत नाही. बटाटा, गाजर, रताळं, सालासकट छोटे कांदे आणि लसणाचा अख्खा गड्डा सुरुवातीपासून. सुरण असेल तर आधी चिंचेच्या पाण्यात ठेवायचा, नाहीतर जेवणानंतर सगळे घसा खाजवत बसतील. फ्लॉवर आणि ढोबळी मिरची शेवटच्या पंचवीस मिनिटांत. टोमॅटो मी घालत नाही. तो इतकं पाणी सोडतो की बाकीच्या भाज्या भाजायच्या ऐवजी उकडतात. तुकडे एका थरात, एकमेकांपासून सुटे. दाटी झाली की वाफ कोंडते.

आग, झाकलेलं भांडं आणि आपल्याच रसात शिजणारी कोंबडी-भाजी, हे आपल्याकडे नवं नाही. रायगडात हिवाळ्यात पोपटी लागते: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, ओवा आणि मीठ. पाणी नाही, तेल नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पालापाचोळा पेटवतात. खाणारे कोंबडीआधी शेंगांवर तुटून पडतात, कारण खरी चव त्यांच्यात उतरलेली असते. फरक एवढाच, की पोपटीला वाफ हवी असते आणि ओव्हनला ती नको असते.

माझा ओटीजी सोळा अँपियरच्या पॉइंटवर चालतो. तो लागला की गिझर बंद, असा घरात कायदाच आहे. सव्वा किलोच्या कोंबडीला पहिली वीस-पंचवीस मिनिटं 220 अंश, मग 190 वर साधारण चाळीस. बहुतेक ओटीजींची मागची बाजू जास्त तापते, म्हणून तंगड्या मागे, छाती दाराकडे. तंगडीला जास्त आच लागते आणि छाती लवकर कोरडी पडते, या जुन्या भांडणावर त्यातल्या त्यात हा तोडगा. मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर खुपसायचा. 74 अंश दिसले की कोंबडी शिजली. मांडीला आणखी पाच-सहा अंश मिळाले तर ती हाडापासून सहज सुटते.

बाहेर काढल्यावर वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. लगेच कापली तर रस पाटावर वाहून जातो. रविवारच्या मेगाब्लॉकने हा नियम मला फार सोपा केला आहे. ब्लॉक दुपारी संपला तरी गाड्या लगेच वेळेवर येत नाहीत. नणंदेचा ‘दिवा गेलं’ असा फोन आला की कोंबडी बाहेर, आणि भाज्या पुन्हा आत, वरच्या सळईखाली रंग यायला.

वाटणी मीच करते, सगळ्यांदेखत. तंगड्या पोरांना, हा घरचा रिवाज. पण आधी प्रत्येक ताटात भाज्या पडतात आणि ट्रेमध्ये उरलेल्या रसात लिंबू पिळून तो त्यांच्यावर ओतला जातो. सासूबाई आता कोंबडीचा तुकडा कुठला आला ते बघत नाहीत. भाकरी मोडतात, लसणाची मऊ पाकळी त्यावर दाबतात आणि सुरण पुढे करायला सांगतात. नव्याने ओव्हन घेतलेल्या मैत्रिणी मला मसाला विचारतात. मी त्यांना आधी ट्रे केवढा आहे ते विचारते.